नदीची रेघ

नकाशा काढायला बाईंनी फळ्याच्या जागी आलेल्या डिजिटल पडद्यावर बोट टेकवलं आणि नदीऐवजी करवतीचे दात उमटले.

मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि तपासणीला आलेले साहेब बसले होते. बाईंनी घाईघाईने रेघ पुसून पुन्हा काढली. पुन्हा तेच.

खडू होता तोवर निभावलं होतं. तो फळ्यावर दाबून धरला की हाताची थरथर दबायची. बाईंनी घरीदेखील कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता. या भल्यामोठ्या पडद्यापुढे मात्र काही झाकून राहीना. आजचा तास फसला तर पुढच्या वर्षी वर्ग दुसऱ्या कुणाकडे जाईल, हे मुख्याध्यापिकांनी आडून आडून सुचवलं होतंच.

पडदा बिघडलाय का, असं साहेबांनी विचारलं. हो म्हटलं की सुटका होती. पण मग पडदा बंद करावा लागला असता, आणि नकाशा पुरा करायला मुलं कधीची बाह्या सरसावून उभी होती.

"नाही, साहेब. माझा हात कापतो," त्या म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "नदी तुम्हीच काढा. सगळ्यांनी मिळून."

मुलांची झुंबड उडाली. एका चष्मेवाल्या मुलाने डोंगरावरून नदी सोडली आणि एका बडबड्या मुलीने काढलेलं, वाटेत आलेलं गाव सरळ पुसून टाकलं. बडबडीचे डोळे भरून आले. साहेब पुढे सरसावून बसले. मध्ये पडायचा मोह बाईंनी कसाबसा आवरला.

"नदी वळव ना," बडबडी म्हणाली.

"तिकडे चढ आहे. नदी चढ चढते होय?"

मग तिसऱ्याच एका मुलाने गाव टेकडीवर न्यायचं सुचवलं. बडबडीने नाक पुसलं, पुसलेलं गाव परत आणलं आणि स्वतःच्या बोटाने वर सरकवलं. नदी खालून मोकळी वाहत गेली.

तास संपल्यावर साहेब मुलांचं कौतुक करून निघून गेले. मुख्याध्यापिका मागे थांबल्या. हात कधीपासून कापतो, हे त्यांनी विचारलं; बाईंनी सांगितलं.

"पुढच्या वर्षी तुम्ही ग्रंथालय सांभाळा, बाई."

बाईंनी टेबलावरची पुस्तकं उचलली. "वर्ष संपेपर्यंत वर्ग माझाच ना, मॅडम?"

"हो."

"मग उद्याही पडदा लागेल. मुलांना पूल बांधायचाय."

मुख्याध्यापिकांनी पुढे होऊन बाईंसाठी दार उघडून धरलं.