पुरवणी सरांचा पहिला प्रश्न

परीक्षक सरांना विद्यार्थी पाठीमागे ‘पुरवणी’ म्हणत. समोरच्यानं वाक्य सुरू करावं आणि यांनी ते संपवावं, ही चाळीस वर्षांची खोड. बायकोनं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हात टेकले होते.

आज तत्त्वज्ञान विभागात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. मुलगी व्हीलचेअरवर. तिला बोलता येत नव्हतं. ती समोर धरलेल्या अक्षरांच्या पाटीवर एकेका अक्षरावर नजर रोखायची आणि शेजारी बसलेली मावशी शब्द जुळवून सांगायची. प्रबंधात तिनं सरांच्याच पुस्तकातला युक्तिवाद खोडून काढला होता. त्यात खुर्चीला खिळलेल्या एका माणसाचं उदाहरण आहे, आणि त्याचं आयुष्य इतरांहून उणं, असं सरांनी त्यावरून सिद्ध केलंय. सर ‘नापास’ म्हणाले की मुलीची सहा वर्षं पाण्यात.

माझ्या युक्तिवादात चूक कुठे, असं सरांनी विचारलं.

“माझं... आयुष्य...” मावशी सांगू लागली. पुढच्या शब्दाला मिनिटभर लागलं. “कठीण...”

“कठीण, म्हणजेच उणं,” सरांनी पुरवणी जोडली. “म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला पटलंच.”

मुलीनं डोळे घट्ट मिटले.

“म्हणजे ‘नाही’,” मावशी म्हणाली. “आता पहिल्यापासून सांगेल ती. मधे बोलू नका, सर.”

सर ओशाळले. नऊ मिनिटं गेली. झोपेखेरीज इतका वेळ ते कधी गप्प बसले नव्हते. आधी ते मनात पुढचा शब्द ओळखत राहिले. दर वेळी चुकले, तेव्हा तो नादच सोडला. मग त्यांना ती नजर दिसली. अक्षरावरून अक्षरावर, घाई न करता, न अडखळता. विचार असा डोळ्यांदेखत घडताना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

“माझं आयुष्य कठीण की सोपं, हे पुस्तकात लिहिण्याआधी कोणाला विचारलंत?” मावशीनं तिचं जुळलेलं वाक्य सांगितलं.

“कोणालाच नाही,” सर म्हणाले. “तो माणूसही मीच रचला होता. त्याच्या वतीनं बोललोही मीच.”

पुन्हा चार मिनिटं.

“मग मला विचारा.”

सरांच्या हातात प्रश्नांचा कागद होता, प्रत्येक प्रश्नाखाली अपेक्षित उत्तर. तो त्यांनी पालथा ठेवला. निकालपत्र ओढून ‘उत्तीर्ण’ लिहिलं, सही केली.

“परीक्षा संपली,” ते म्हणाले. “आता विचारतो. कसं आहे तुमचं आयुष्य?”

विभागप्रमुखांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. सरांनी आपली खुर्ची पाटीजवळ ओढली आणि वाट बघत बसले.