हाताला लागेल असं घर

शिवबाईची खानावळ म्हणजे तिचं राहतं घरच होतं. सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत गिरणीतली नऊ माणसं दोन्ही वेळा जेवायची, मागच्या खोलीत ती रांधायची आणि निजायची. नवरा हिंदुराव वारल्याला सहा वर्षं झाली होती. त्याच्या माघारी तिनं या भाकरीवरच लेक वच्छलाचं लग्न करून दिलं. वच्छलाचा नवरा महिपती जेऊर स्टेशनात पोर्टर होता.

एकोणीसशे तेहतीसच्या उन्हाळ्यात शिवबाईची नजर गेली. एकदम नाही गेली. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धुरकटलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. भाकरी हातानं थापायची असते, डोळ्यानं नाही, त्यामुळे जेवणाऱ्यांच्याही ध्यानात आलं नाही. एके दिवशी सकाळी ती आमटीचं पातेलं घेऊन बाहेर येत होती. वाटेत रॉकेलचा रिकामा डबा होता, त्याला पाय लागून ती पडली आणि उकळती आमटी तिच्या उजव्या पायावर सांडली.

संगप्पा तिच्याकडे सर्वांत जुना जेवणारा, मूळचा अक्कलकोटकडचा. त्यानं तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायाला मलम लावलं आणि मग डोळे तपासले. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. संगप्पानं शेजारच्या मास्तरांकडून जेऊरला कार्ड लिहून घेतलं.

वच्छला आली ती आईला घेऊन जायच्या तयारीनंच.

"तितं जाऊन मी काय करू?" शिवबाई म्हणाली. "तुज्या दारात बसून कावळं हाकू?"

"आये, पाय भाजून घेतलास की. उद्या चुलीत पडशील."

"मी डोळ्यामुळं न्हाय पडले. डब्यामुळं पडले."

वच्छलानं डबा बघायला मान वळवली, तर तसे चौदा डबे निघाले. त्यांच्यामागं पोती, दोऱ्यांची भेंडोळी, काचा फुटलेले तीन कंदील, तडा गेलेले माठ, पाय मोडलेली खुर्ची. हिंदुराव गिरणीतून मागावरचे झिजलेले लाकडी धोटे आणत असे, त्यांचं एक पोतं भिंतीला टेकून उभं होतं. ताटं अठ्ठावीस होती. या सगळ्यातून मोरीकडे जायला वीतभर वाट होती आणि त्या वाटेनं तिची आंधळी आई दिवसातून तीस वेळा जात होती.

"बरं," वच्छला म्हणाली. "हितंच ऱ्हा. पन हे सगळं मी काढनार."

"काढ की. मी कुटं न्हाय म्हनते?"

दुसऱ्या दिवशी मोडीचा व्यापारी मकदूम हातगाडी घेऊन आला. डबे, कंदील, खुर्ची आणि सतरा ताटं त्याच्या गाडीवर गेली. धोट्यांच्या पोत्यापाशी वच्छला थांबली. आईनं पोत्यात हात घातला, एक धोटा चाचपला आणि म्हणाली, "चांगलं लाकूड हाय. आठ दिस चूल पेटंल." धोटे सरपणात गेले.

अडली ती वच्छलाच. खुंटीवर हिंदुरावाचा लोकरी कोट होता, कोपर फाटलेला. तो तिनं घडी करून आपल्या पिशवीत ठेवला, मग काढला, मग परत ठेवला. जेऊरच्या तिच्या एकाच खोलीत महिपतीचे आईबापही राहत होते. तिथं कोट टांगायला जागा नव्हती.

"काय करतियास?" आईनं विचारलं. पिशवीच्या उघडझाकीचा आवाज तिनं ऐकला होता.

"बाबाचा कोट."

"संगप्पाला दे. थंडीत रातपाळीला जातोय, अंगावर काय नसतं त्याच्या."

वच्छला रडली. शिवबाईनं तिला रडू दिलं आणि तोवर लसूण सोलून घेतला. संध्याकाळी संगप्पा कोट घेऊन गेला.

मग वच्छलानं घर सारवलं आणि सामान लावलं. बरण्या फळीवर उंचीप्रमाणे मांडल्या, चकचकीत तांबे पुढं ठेवले, मीठ-मसाला झाकून कोनाड्यात सारला. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. वच्छलाला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली असताना शिवबाईनं आमटी टाकायला घेतली. मीठ सापडेना. तिनं फळी चाचपली, एक बरणी उघडली, बोटं शेंगाच्या चटणीत बुडाली आणि तीच बोटं घाम पुसताना डोळ्याला लागली. डोळे धुवायला तांब्या शोधला, तोही जागेवर नव्हता. वच्छला परतली तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती आणि आई डोळ्याला पदर लावून बसली होती. भाकरी होईतो गिरणीचा भोंगा झाला. चौघं उपाशीच कामावर पळाले.

वच्छलानं तवा उतरवून ठेवला.

"घर चांगलं लावलंस," शिवबाई म्हणाली. "पन तुज्या डोळ्यांसाठी लावलंस."

"मग कसं लावू, तूच सांग."

शिवबाई चुलीपुढं मांडी घालून बसली. तिनं उजवा हात जमिनीवर ठेवला. "हितं मीठ. हितनं हलवायचं न्हाय." डावा हात लांबवला. "हितं पिठाची परात. पाण्याची कळशी माज्या पाठीमागं, वळलं की हात लागला पायजे." रोज लागतं ते बसल्या जागी हाताशी आलं. आठवड्यात एकदा लागतं ते उभं राहून हात पोचेल अशा फळीवर गेलं. हात पोचणार नाही अशा ठिकाणी काहीच ठेवायचं नाही, असं तिनं सांगितलं. डाळीच्या डब्याला तिनं दोऱ्याची एक गाठ मारायला लावली, हरभऱ्याच्या डब्याला दोन, तिखटाच्या बरणीला चिंधी. दारापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर तर चप्पलसुद्धा काढायची नव्हती.

या हिशेबानं बघता वच्छलानं आवडीनं ठेवून घेतलेल्या पुष्कळ वस्तूंना जागाच उरली नाही. तिनं त्या मकदूमला देऊन टाकल्या.

वच्छला अकरा दिवस राहिली. पहिले काही दिवस जेवणारे जुन्या सवयीनं तांबे कुठंही ठेवत. संगप्पा एकेकाला उठवून परत ठेवायला लावी. तो कमी बोलणारा माणूस, पण या बाबतीत ऐकून घेत नसे. आठवड्याभरात नऊही जण सुधारले. आमटी वेळेवर होऊ लागली.

जायच्या आदल्या दिवशी आई भाकरी थापत होती आणि वच्छला बाजूला बसली होती.

"आये, खरं सांग. जमतंय न्हवं?"

"जमतंय की. डोळं हुतं तवा मी रोज काय ना काय हुडकत हुते. पळी गेली कुटं, झाकन गेलं कुटं. सगळ्यांवर वरडत हुते. तुज्या बापावर तर लई वरडले." भाकरी तव्यावर पडली. "आता हुडकायचं कामच न्हाय."

खानावळ पुढं सात वर्षं चालली. त्याच तेहतीसच्या दिवाळीला वच्छला आली, तेव्हा जेवणं झाल्यावर सवयीनं ताटं गोळा करायला वाकली. शिवबाईनं आवाज ऐकला.

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "तू भलतीकडं ठेवतीस. पुढं जाऊन बस, सुपारी खा."

वच्छला पुढं जाऊन बसली.