अक्काची तहान

खानदेशात उन्हाळा आधी कपाशीच्या मोकळ्या रानात उतरतो, मग डांबरी रस्त्यावर थरथरतो आणि शेवटी माणसांच्या अंगावर येतो. या वर्षी मात्र तो सगळ्यांच्या आधी माझ्या अक्काच्या ओठांवर आला. फाल्गुन सरला नव्हता, पळस अजून पेटलेले होते, आणि तिच्या खालच्या ओठाला मधोमध एक बारीक भेग पडली होती, नदीतला गाळ सुकताना पडते तशी. बोलताना ती भेग उघडे. म्हणूनच ती बोलेनाशी झाली असावी, असे मला वाटे. कारण वेगळे होते.

अक्का माझी थोरली बहीण, पारोळ्यात दिलेली. तिची लेक सोनल अकरा वर्षांची. सोनलच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हापासून मायलेकी आठवड्यातून तीनदा एस.टी.ने धुळ्याला जात आणि डायलिसिसच्या यंत्रापाशी चार-चार तास बसून परत येत. अंगात साचलेल्या पाण्याला बाहेरची वाट नाही, म्हणून सोनलला दिवसभरात अर्धा लिटरच पाणी. चहा, वरण, औषधाचा घोट, सारे त्यातच. वैशाखाच्या वणव्यात तहानलेल्या लेकीला पाणी नाकारणे हे काम ज्या हातांच्या वाट्याला येते, त्या हातांचे पुढे काय होते, हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. आणि आमच्या घरात पुस्तके वाचत कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच.

पूर्वीची अक्का निराळी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की निंबाला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून ती गाणे उचले. आवाज कडब्यासारखा खरखरीत, पण झोका उंच जाई तसा तोही सैल, निळा, अफाट होत जाई. हसू आले की शेजारी बसलेल्याच्या पाठीत धपाटा. ते धपाटे मी खाल्लेले आहेत. आता वेणी तीन-तीन दिवस तीच. तव्यावर भाकर करपून जाई आणि ही भिंतीकडे बघत राही. सोनलच्या औषधाची वेळ तेवढी चुकत नसे. तिच्यातली आई अचूक चालत होती, बाकीची बाई कुठेतरी उठून गेली होती.

आणि तिने पाणी सोडले. म्हणजे सोनलला जेवढे, तेवढेच स्वतःला. एक घोट जास्त नाही. गल्लीतल्या बाया तिला हात जोडू लागल्या, हे व्रतच झाले म्हणाल्या. मीही मैत्रिणींना छाती फुगवून सांगितले, "आमची अक्का अशी आहे." ही चूक कुणा अडाणी माणसाची नव्हती, माझी होती. ती मी लपवणार नाही.

सोनलला किडनी अक्काच देणार होती; भावजींचा रक्तगट जुळला नव्हता. पण तिच्या तपासणीचे कागद पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"पाणी किती पिता?"

"भरपूर," अक्का म्हणाली.

"खोटं!" सोनल पलंगावरून ओरडली. "माझ्याएवढंच पिते."

"ताई, जी किडनी लेकीला द्यायची तीच तुम्ही वाळवताय," बाई म्हणाल्या. "अशी मी घेणार नाही. आधी स्वतःला सांभाळा, मग पुन्हा तपासू." मग आवाज खाली आणून त्यांनी झोपेचे विचारले, भुकेचे विचारले, जगावेसे वाटते का तेही विचारले. अक्का फरशीकडे पाहत म्हणाली, "हिच्या आधी आपण जावं, एवढंच वाटतं." तिच्या तोंडून इतके लांब वाक्य मी कित्येक महिन्यांनी ऐकत होते. बाईंनी तिला वरच्या मजल्यावर, मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. हा आजार आहे, म्हणाल्या, आणि याला औषध आहे.

घरी तिच्या सासूबाई उसळल्या. "येडी थोडीच शे ती! पोरनं दुख बठ्ठासले व्हस."

"मावशी, पोरीचं दुःख सगळ्यांनाच होतं, पण सोनलची किडनी थांबली तेव्हा तुम्ही दुःख म्हणून घरी बसलात का?" मी विचारले. अक्काच्या गोळ्या सुरू झाल्या. पण पेला ओठांपाशी नेला की हात तिथेच अडे.

आखाजीला अक्का सोनलला घेऊन माहेरी आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. ओल्या मातीचा वास, वर ठेवलेले पिवळे डांगर म्हणजे खरबूज, ओसरीभर पसरलेली ती दमट सावली. माझे आजे तहानेले राहू नयेत म्हणून मायने घागर काठोकाठ भरली होती. अक्का खांबाला टेकून उभी होती. मी तिला समजावण्यासाठी शब्द जुळवत होते, चांगले, शिकलेले शब्द. तेवढ्यात शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या मायने पुजलेल्या घागरीतच तांब्या बुडवला आणि अक्कापुढे धरला.

"मरेलसले पानी पाजतस आपन आज. तू ते जित्ती शे ना व? पे. तुना आजाले मी सांगसू, औंदा थोडं कमी पडनं."

अक्काने सोनलकडे पाहिले. त्या नजरेत सारी भीती होती: तिच्यासमोर कसे पिऊ?

"पी ना, आई!" सोनल चिडून म्हणाली. "माझी किडनी सुकवून टाकशील तू. घटाघटा पी, मला ऐकू आलं पाहिजे."

अक्का प्यायली. ओठांवरून, हनुवटीवरून, पदरावरून पाणी वाहत होते आणि ती थांबत नव्हती. तिचे रडणे आणि पिणे एकाच श्वासात चालले होते, आणि सोनल, कोरड्या जिभेची माझी भाची, टाळ्या पिटत होती.

पुढच्या तपासणीचे कागद चांगले आले. शस्त्रक्रियेचा दिवस अजून ठरलेला नाही. गोळ्या चालू आहेत, काही सकाळी ती पुन्हा भिंतीकडे बघत बसते, आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसते. आठवण गेलेल्या माणसांचीच येते असे मी समजत होते. पण माणूस डोळ्यांसमोर हिंडता-फिरताही थोडा-थोडा गैरहजर होत जातो, आणि त्या गैरहजेरीला पुण्य म्हणून मी यापुढे कधीही हात जोडणार नाही.