मागच्या खोलीतली रायफल

ऑरिनच्या बंदुकांच्या दुकानामागे एक खोली होती. गावात कुणाचं मन फार काळवंडलं, की हातून काही बरंवाईट होऊ नये म्हणून तो आपली रायफल तिथे आणून ठेवायचा आणि बरं वाटलं की घेऊन जायचा. कागद नाही, भाडं नाही, आणि मुख्य म्हणजे चौकशी नाही. अमेरिकेत मोंटानातल्या त्या गावाने माणसाची अब्रू झाकायला पाडलेली ही रीत, आणि ऑरिनला तिचा भारी अभिमान.

लायल स्कारची रायफल मार्चपासून तिथे होती, बायको गेली तेव्हापासून. आज सकाळी तो गुळगुळीत दाढी करून, हसत आला.

"शनिवारपासून एल्कची शिकार सुरू, म्हाताऱ्या. काढ माझी रायफल."

"आता कसा माणसात आलास!" ऑरिनने रायफल दिली. ती हातात आल्यावरही लायल उगाच काउंटरपाशी घुटमळला. तेवढा वेळ त्याचं हसू जराही हललं नाही. ऑरिनला ते खटकलं, पण विचारायचं नाही म्हणजे नाही.

दुपारी शाळेच्या जिममध्ये सभा होती. तीन आठवड्यांपूर्वी कामावरून काढलेल्या एकाने धान्याच्या गोदामात चौघांना गोळ्या घातल्या, तेव्हापासून गावात दोन तट पडले होते. एक म्हणे बंदुका आवरा, दुसरा म्हणे डोकी तपासा. डोकी तपासणारा डॉक्टर दीडशे मैलांवर, त्याच्याकडेही तीन महिन्यांची रांग. सगळ्यांना बोलायचं होतं, ऐकायचं कुणालाच नव्हतं.

ऑरिन माइकपाशी गेला. "आम्ही आमची माणसं सांभाळतो. वरून कुणी शिकवायला नको!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत त्याला एक नारंगी जॅकेट दिसलं, खांद्यावर काळं ठिगळ लावलेलं. जॅकेट लायलचं, आत त्याची शेजारीण डोरीन.

"डोरीन, हे तुझ्याकडे कसं गं?"

"सकाळी त्यानेच दिलं. म्हणाला, मला आता लागणार नाही."

दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून नारंगी घातल्याशिवाय इथे कुणी शिकारीला जात नाही.

डोरीनने शेरिफला फोन लावला. गाडी चाळीस मैलांवर होती. ऑरिन थांबला नाही, थेट लायलच्या घरी निघाला.

लायलचं दार सताड उघडं होतं. ऑरिन हाका मारत शिरला. आत फरशी लख्ख, आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. घड्याळावर भाचीचं नाव, कढईवर डोरीनचं, दिव्यावर पाद्रीबुवांचं. अख्खं घर वाटून झालं होतं. नावं वाचत ऑरिन पुढे गेला.

स्वयंपाकघरात लायल टेबलापाशी ताठ बसला होता. समोर रायफल, तिच्यावरही चिठ्ठी: ऑरिन.

"लवकर आलास," लायल म्हणाला. चेहऱ्यावर तेच हसू, पण त्यामागे कुणी राहत नसावं असं.

ऑरिनने रायफल ओढून आपल्या मांडीवर घेतली. चाळीस वर्षांत त्याने हे कुणालाही विचारलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती.

"लायल, जीव द्यायचा विचार आहे का तुझा?"

हसू हळूहळू गळून पडलं. "हो," लायल म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. "सकाळी विचारलं असतंस, तर सकाळीच सांगितलं असतं रे."