पंधरा दिवसांची मुदत

अकरा वर्षं ती एका कंपनीत साहेबांची सहायक होती. तिथली रीत अशी की साध्या पत्रावरही साहेबांची लाल खूण पडल्याशिवाय ते बाहेर जात नसे. ती नोकरी सोडून ती आता घरूनच व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करू लागली होती.

"म्हणजे मदत करायची, पण दिसायचं नाही?" सासूबाईंनी विचारलं. "भूत की काय?"

पहिलं काम मिळालं ते दुसऱ्या शहरातल्या, मोठमोठ्या इमारतींभोवती बागा आखणाऱ्या एका बाईंचं. त्यांच्या मेल पाहायच्या, भेटी ठरवायच्या. ती मन लावून पत्र लिही आणि बाईंना विचारी, "पाठवू का?" आठवड्याभरात बाईंचा फोन आला.

"अहो ताई, काल तुम्ही मला सतरा वेळा 'पाठवू का' विचारलंत. तुम्हाला उत्तरं द्यायला मला आणखी एक मदतनीस ठेवावी लागेल! पंधरा दिवस बघू, नाहीतर थांबू."

जुन्या साहेबांनी तिची जागा महिनाअखेरपर्यंत मोकळी ठेवली होती. हे काम गेलं, तर खाली मान घालून तिथंच परतावं लागणार होतं.

बाराव्या दिवशी बाई विमानात होत्या, दुपारी चारपर्यंत फोन बंद. संध्याकाळी पाचला त्या व्हिडिओ कॉलवर एका रुग्णालयाच्या समितीला बागेचे नकाशे समजावणार होत्या. साडेअकराला तिथल्या सचिवांचा फोन आला.

"बैठक दोनला घेतोय. जमत नसेल तर दुसऱ्यांना बोलावू."

"दहा मिनिटांत कळवते," म्हणून तिनं फोन ठेवला. सवयीनं बाईंना लिहायला घेतलं, 'काय करू?' आणि तिची बोटं थांबली. "पण वाचणार कोण? विचारू कुणाला?" ती पुटपुटली.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "अगं, पाहुणे दारात आले तर आत घेऊ का, असं मी तुला फोन करून विचारते का?"

तिनं समितीचं वेळापत्रक पुन्हा उघडलं. बैठकीनंतर सगळे जागा बघायला जाणार होते. तिनं फोन लावला.

"सर, उलट करू या. दोनला आधी जागा बघून घ्या. नकाशे आणि एका पानाचा सारांश आत्ता पाठवते, हातात घेऊनच फिरा. पाचला मॅडम पडद्यावर असतील."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "हं... उजेडात जागाही नीट दिसेल. चालेल."

तिनं नकाशे पाठवले, विमानतळाजवळ बाईंसाठी शांत खोली ठरवली आणि सगळं बाईंना कळवून टाकलं. त्या निरोपात एकही प्रश्न नव्हता.

सहा वाजता बाईंचा फोन आला. "बाग मंजूर झाली! जागा बघून आल्यामुळे त्यांचे प्रश्नच नेमके होते. पंधरा दिवसांचं विसरा हो. आणि माझ्या दंतवैद्य मैत्रिणीला तुमचा नंबर दिलाय, सोमवारी ती बोलेल."

तिनं लगेच जुन्या साहेबांना फोन लावला. "साहेब, माझी जागा भरून टाका."

"घाई नको. महिनाअखेरपर्यंत विचार करून..."

"झाला विचार करून."

दारात शेजारीण उभी होती. सासूबाई तिला बजावत होत्या, "हळू बोल गं. आत आमच्या सूनबाईंचं ऑफिस आहे."