पहिला खिळा

मी एक जुनी सागवानी फळी आहे. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत माझा जन्म झाला. तिथे लोखंड वितळवून यंत्रांचे भाग ओततात. लाकडी साचे करून उरलेला एक तुकडा तिथले सर्वांत जुने कामगार केरबा यांनी रंध्याने तासला, त्यावर चाळीस खिळे ठोकले आणि प्रत्येकाखाली रंगाने आकडा काढला. अक्षरं त्यांना येत नव्हती, आकडे येत होते.

मित्रांनो, माझं काम सोपं होतं. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या आकड्याचा पितळी बिल्ला असे. आल्यावर तो माझ्यावर अडकवायचा, सुटी झाली की काढून न्यायचा. बिल्ला दिसला म्हणजे माणूस भट्टीपाशी आहे. संध्याकाळी सगळे बिल्ले गेले, की मला हलकं वाटायचं. चला, सगळे धडपणी घरी निघाले.

पहिला खिळा मात्र कायम रिकामा. तो केरबांचा. थोरले मालक जोतीराम आणि केरबा, या दोघांनीच इथली पहिली भट्टी पेटवली. जोतीरामांनी एक नंबरचा बिल्ला पुढे केला, तेव्हा केरबा म्हणाले, "बिल्लं पावण्यास्नी द्या. म्या घरचा हाय की."

मालकांना ते फार आवडलं. बिल्ला त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला. दर खंडेनवमीला त्या रिकाम्या खिळ्यावर झेंडूचा हार पडू लागला. मलाही त्याचा अभिमान होता. आता आठवलं की लाज वाटते.

जोतीराम वारले आणि त्यांचा मुलगा उदयसिंह मालक झाला. त्याने कामगारांचा अपघात विमा काढायचं ठरवलं. हात आखडता घेणारा तो नव्हता. आठच दिवसांपूर्वी लागलेल्या कृष्णातचंही नाव घाल म्हणाला. ऑफिसातली अनुजा वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, एक नंबर कुणाचा?" तिने उदयसिंहाला विचारलं.

"केरबाकाकांचा. त्यांचं नाव नोकरांच्या यादीत घालणार व्हय? काय वाटंल त्यास्नी?"

केरबा तिथेच वाळू चाळत होते. "मला काय हुतंय, पोरी? ह्या भट्टीपरास म्या थोरला हाय. माझं ऐकती ती."

सगळे हसले. अनुजाही हसली आणि दोनपासून लिहीत गेली. पुढे दरवर्षी तीच यादी नवी होत राहिली, दोनपासूनच.

गेल्या मार्गशीर्षात, भर दुपारी, लोखंडाच्या रसाची बादली कलंडली. कृष्णातचा हात भाजला. केरबांचा उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला. कृष्णातचा औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेला पगार विम्यातून मिळाला. केरबांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. दवाखान्याचं उदयसिंहाने पाहिलं, पण उरलेल्या आयुष्याच्या आधाराचं काय? तो दरमहा पैशांचं पाकीट पाठवायचा आणि केरबा ते न उघडता परत करायचे.

एके दिवशी केरबांच्या पत्नी तानाबाई त्यांच्या गावाहून, गडमुडशिंगीहून आल्या. पाकीट त्यांनी माझ्याजवळच्या स्टुलावर ठेवलं.

"काकू, घ्या की. मी काय परका हाय?" उदयसिंह म्हणाला.

"ह्ये तुमच्या हातनं कदी घ्यायचं न्हाईत, मालक. इम्याचं असतं तर हक्काचं म्हणून घेतलं असतं." जाता जाता त्या थांबल्या. "घरचं घरचं म्हणून तुमी आमास्नी यादीच्या भाईर ठिवलंसा."

उदयसिंह टेबलापाशी गेला. मग त्याने खणातला तो काळवंडलेला बिल्ला आणून पहिल्या खिळ्यावर अडकवला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी दुकान काढेल, कुणी कारखाना. माणसांची यादी कराल तेव्हा सगळ्यांत जवळच्या माणसाचं नाव आधी लिहा. त्याला राग आला तरी लिहा.

आता हजेरी बोटाच्या ठशावर लागते. मी वाळूच्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहे. एकोणचाळीस खिळे रिकामे झाले. पहिल्यावर बिल्ला आहे. सुटीचा भोंगा होतो, सगळे घरी जातात आणि तो काढून न्यायला कुणी येत नाही.