दिवाळी नसतानाची साडी

"उघडून तर बघ," एकनाथदादानं पिशवी रजनीच्या मांडीवर ठेवली. "तुझ्या वहिनीनं निवडलीया."

पौडच्या नोंदणी कार्यालयाबाहेरच्या बाकावर दोघं बहीण-भाऊ बसली होती. दिवाळी नसताना भाऊ साडी घेऊन आला, की मुळशीतल्या बहिणीनं समजून जावं, जमिनीला गिऱ्हाईक आलं. आत वाटा सोडल्याच्या हक्कसोडीवर बहिणीची सही, बाहेर मटणाचं जेवण, असा हा रिवाज. आणि या रिवाजावर वीस वर्षं पेपरातून आसूड ओढणारी बातमीदार म्हणजे खुद्द रजनी! सुरुवातीला तिच्या बातम्या बायकांच्या पानावर, भरल्या वांग्याच्या कृतीशेजारी छापून येत. भांडून भांडून तिनं त्या पहिल्या पानावर नेल्या. 'बहिणींनो, सही करू नका' हे तिचं वाक्य गावोगाव पोचलं, आणि भावांच्या शिव्याही तिनं पोटभर खाल्ल्या. आता भुकूमच्या, बापाच्या जमिनीची वेळ आली, तर बाई निमूट बसलेल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पण तिचंही काळीज होतं. नवरा गेल्यावर दादानंच तिला सावरलं होतं. माहेर म्हणून आता तो एकटाच उरला होता. तो तुटला तर भाऊबीजेला ओवाळायचं कुणाला, या भीतीनं ती इथवर आली होती.

"जगाला काय लिवायचं ते लिव," दादा म्हणाला. "घरात कशाला पेपर आणायचा?" त्यात राग नव्हता. बहीण नाही म्हणणार नाही, एवढी त्याची खात्री होती.

"तुमी पेपरवाल्या रजनीताई न्हवं?" पलीकडच्या बाकावरची म्हातारी उठून आली. "मी ठकूबाई, ताम्हिणीची. आमच्या शाळंत बोलाया आल्ता तुमी. तुमचं ऐकलं अन् म्या सही न्हाई केली."

"मग भाऊ?" रजनीनं चाचरत विचारलं.

"बोलत न्हाई. राखीला लई रडू येतं बगा. पर माज्या खाचरात भात मी लावती. लेकीला सांगती, ह्ये आपलं हाय." म्हातारीनं पिशवीकडं पाहिलं. "तुमी हितं कशा? बातमी हाय व्हय?"

रजनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आतून दादाच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला. ती उठली नाही.

"दादा, मी सही नाही करणार. विकायची तर दोघं मिळून विकू, ठेवायची तर दोघांची ठेवू." पिशवी तिनं त्याच्या हातात दिली. "साडी दिवाळीला आण. मी वाट बघीन."

"लोक हसतील मला."

"हसू देत. मला वीस वर्षं हसतायत."

दादा पिशवी घेऊन निघून गेला. माहेर संपलं असं वाटून रजनीला हुंदका आवरेना. ठकूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळानं ती डोळे पुसून रस्त्यावर आली. समोर चिंचेखाली दादा मोटारसायकलीपाशी उभा होता. तिला पाहून त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, मागच्या सीटवरची धूळ झटकली, गाडी चालू केली आणि पुढं बघत थांबून राहिला.